आईबाबांच्या मेडिक्लेमचा रूम भाड्याचा प्रश्न असा सोडवला

हिंजवडीतल्या आमच्या कंपनीत मेडिक्लेमची वार्षिक निवड सुरू झाली की बहुतेक जण फक्त हप्ता बघतात. मी आईबाबांसाठी आधी रूम भाड्याची अट वाचली. 3 लाखांच्या विम्यावर रूमचं भाडं जास्तीत जास्त 1 टक्का मिळणार, म्हणजे दिवसाला 3,000 रुपये. घराजवळच्या हॉस्पिटलात चौकशी केली, तर सिंगल रूम 6,000ची. अशा वेळी नुसता भाड्यातला फरक भरून भागत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांचे पैसेही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मेच मंजूर होतात. (औषधं आणि इम्प्लांटला ही कात्री लागत नाही.)

मग एचआरकडून पॉलिसीची पूर्ण प्रत मागितली आणि जादा हप्ता भरून विमा 6 लाखांचा करून घेतला, म्हणजे भाड्याची मर्यादाही 6,000 झाली.

बाबांना बरीच वर्षं डायबेटिस आहे. आमच्या ग्रुप पॉलिसीत तो पहिल्या दिवसापासून कव्हर होतो. बाहेर नवी पॉलिसी घेतली, तर जुन्या आजारासाठी 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्यांना इथेच ठेवायचं, हे त्यावरूनच ठरलं. हप्ता पगारातून कापला जातो. जुनी करप्रणाली असेल तर ज्येष्ठ आईवडिलांसाठी 50,000 रुपयांपर्यंत वजावटही मिळते.

निवडीची मुदत संपण्याआधी आईवडिलांची नावं आणि जन्मतारखा आधार कार्डाशी जुळवून घ्या.