शिक्षा ठरवण्याआधी तीन रकाने आखा

मूल वारंवार वस्तू फेकतं, ओरडतं, जागा सोडून पळतं, तेव्हा आठवडाभर एक वही हाताशी ठेवा. पानावर तीन रकाने: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, लगेच नंतर काय झालं. मधल्या रकान्यात ‘आगाऊपणा केला’ असं लिहू नका. ‘पेन्सिल फेकली, टेबलाखाली जाऊन बसला’, बस्स, डोळ्यांना दिसलं तेवढंच.

गोम बहुतेक वेळा तिसऱ्या रकान्यात असते. गणिताचा कागद समोर आला, पेन्सिल फेकली, वर्गाबाहेर पाठवलं. म्हणजे गणित टळलं की! आपण शिक्षा समजून जे दिलं, तेच त्याला हवं होतं. अशा वेळी उदाहरणं निम्मी करा आणि ‘मदत हवी’ किंवा ‘थोडं थांबू दे’ हे सांगायची सोपी खूण शिकवा. बोलता येत नसेल तर चित्राचं कार्ड चालतं. सुरुवातीला त्या खुणेला दर वेळी, लगेच प्रतिसाद द्या. मोठी माणसं कच खातात ती नेमकी इथेच.

शाबासकी देताना नुसतं ‘छान’ नको. ‘राग आला तरी कार्ड दाखवलंस’ असं सांगा.

निव्वळ लक्ष वेधण्यासाठीच्या आरड्याओरड्याकडे दुर्लक्ष केलं, तर तो ओसरण्याआधी बऱ्याचदा वाढतो. तेव्हाच नमतं घेतलं, तर जास्त ओरडलं की काम होतं हे पक्कं बसतं. कुणाला इजा होत असेल तिथे मात्र दुर्लक्ष चालणार नाही. आणि वागणं एकाएकी बदललं असेल तर आधी कान, दात, पोट, झोप तपासून घ्या.