जुन्या मराठी फायली वाचवणाऱ्या टूल्सची यादी जिवंत कशी ठेवावी

ठाण्यातल्या एखाद्या जुन्या छापखान्याचा संगणक उघडून बघा. दिवाळी अंकांच्या, पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमधल्या फायली, श्रीलिपी किंवा आयएसएमच्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर, आणि तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर नुसती चिन्हांची खिचडी. हे वाचवणारी टूल्स आहेत. मराठीवर त्यातलं कुठलं खरोखर चालतं, हे मात्र चार जणांच्या डोक्यात विखुरलेलं असतं. ते एकत्र करणारी यादी उत्साहात तयार होते आणि वर्षभरात शिळी होते. नौपाड्यात आम्ही काही वाचनालयवेडे अशी एक यादी सांभाळतो. वाशी-नेरूळचे सोबती ट्रान्स-हार्बरने येतात. आम्हाला लागू पडलेली पद्धत अशी.

१. आधी कॉपटर बघा. डिजिटल जतनाच्या टूल्सची ही जागतिक यादी इंटरनेटवर आहे आणि ती वापरणारेच भरतात. फाइल तिच्या प्रकाराच्या नियमांत बसते का हे तपासणाऱ्या जेहोव्ह, व्हेरापीडीएफ यांची वर्णनं तिथे आहेत. ती मराठीत उतरवत बसू नका, दुवा द्या. मराठी मजकुरावर टूल कसं वागलं, एवढंच आपण लिहायचं.

२. नोंदी कामाच्या नावाने लावा. माणूस अडचण घेऊन येतो, टूलचं नाव त्याला ठाऊक नसतं. ‘ही फाइल कुठल्या प्रकारची आहे?’ या प्रश्नाखाली ड्रॉइड, ‘स्कॅनमधला मजकूर शोधता यावा’ याखाली टेसरॅक्ट.

३. चाचणीची एकच फाइल ठरवा. माझ्या मते सगळ्या यादीचा जीव इथे आहे. ‘छान चालतं’ या शेऱ्याला काही अर्थ नाही. कुणाच्या, कुठल्या फाइलवर? आमच्या पानभर मजकुरात ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ अशा जोड्या मुद्दाम घातल्या आहेत. फॉन्ट बदलणारं टूल ‘ऱ्य’ ओळखत नसेल, तर डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो आणि स्वयंपाकी गुरुजी होतात. शिवाय ‘स्थिती’ हवाच: जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, ती युनिकोडमध्ये नंतर यावी लागते आणि जोडाक्षराशी गडबड होते. ळ, ज्ञ, ॲ हेही घाला. हाच मजकूर श्रीलिपीत, आयएसएममध्ये आणि स्कॅन करून, असा तीन रूपांत ठेवा. काय चुकलं ते नोंदीत शब्दांसकट लिहा.

४. प्रत्येक नोंदीला पालक आणि तारीख द्या. ‘शेवटची चाचणी’ हा रकाना रिकामा ठेवून नोंद घ्यायचीच नाही. एका पालकाकडे पाचापेक्षा जास्त नोंदी नकोत. वर्ष उलटलं की नोंद पिवळी करा, म्हणजे वाचणारा सावध होतो.

५. किल्ली दोघांकडे ठेवा. आमची पहिली यादी एका सोबत्याच्या खासगी खात्यावर होती. त्यांची नोकरी बदलली, खातं बंद झालं आणि आठ महिन्यांचं काम गेलं. त्यांचा दोष नव्हता, व्यवस्थाच आम्ही केली नव्हती. आता खातं गटाचं आहे आणि दर महिन्याला सगळी यादी सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराच्या तक्त्याच्या, फाइलमध्ये उतरवून वाचनालयाच्या संगणकावर आणि एका सोबत्याच्या घरच्या हार्ड डिस्कवर जाते.

६. बंद पडलेलं टूल पुसू नका. पेजमेकरची शेवटची ७.० आवृत्ती २००१ सालची, पण फायली अजून कपाटात आहेत. नोंदीवर ‘बंद’ लिहा, पर्याय द्या. परवाना मुभा देत असेल तर इन्स्टॉलरची प्रत एसएचए-२५६ बेरजेसह (फाइलवरून काढलेला, बोटाच्या ठशासारखा आकडा) जपा. काही वर्षांनी ती बेरीज पुन्हा काढून जुळली, तर प्रत शाबूत आहे हे कळतं.

७. नव्या माणसाला यादी वाचायला देऊ नका. त्याच्याच घरची एक न उघडणारी फाइल आणायला सांगा आणि यादी वापरून ती उघडायला शेजारी बसा. जिथे तो अडेल, ती ओळ त्याच्याच हातून दुरुस्त करून घ्या आणि त्या नोंदीचा पालक म्हणून त्याचं नाव लिहा.