आठवड्याचं शुगरचं पेन भुसावळच्या उन्हाळ्यात कसं वापरायचं

मला हे पेन, म्हणजे आठवड्यातून एकदा स्वतःच टोचायचं इंजेक्शन, सुरू होऊन सात महिने झाले. आता गल्लीत कोणालाही डॉक्टरांनी लिहून दिलं की तो पहिले माझ्याकडे येतो, अण्णा जरा दाखवा ना कसं टोचायचं ते. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. माझं सेमाग्लुटाइड नावाच्या औषधाचं आहे, शुगर आणि वजन दोन्हीसाठी, आणि मेव्हण्याचं टिर्झेपटाइडचं, म्हणजे माऊंजारो.

आधी डॉक्टर. मेडिकलवर जाऊन स्वतःच्या मनाने आणायची ही वस्तू नाही. घरात कोणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कॅन्सर होता का, स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, डोळ्यांच्या पडद्याचा त्रास आहे का, हे न विचारता सांगायचं, आणि घरातल्या बाईला मूल हवं असेल तर तेही सांगायचं कारण हे औषध आधी बंद करावं लागतं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी चालू असेल तर तिचा डोस बहुतेक कमी करतात, नाहीतर शुगर एकदम खाली येते, घाम, थरथर, डोळ्यापुढे अंधारी. खिशात खडीसाखर ठेवा.

डोसची घाई नको. सेमाग्लुटाइड पहिले चार आठवडे ०.२५ मिलिग्रॅम, मग ०.५, टिर्झेपटाइड चार आठवडे २.५, मग ५. पहिला महिना फक्त पोटाला सवय लावायला असतो. मेव्हण्याला पंधरा दिवसात वाटलं की काहीच फरक नाही, डबल घेतो, बहिणीने पेनच लपवून ठेवलं म्हणून वाचला.

आता टोचायचं. पेन टोचायच्या थोडं आधी फ्रिजबाहेर काढा, गार औषध जास्त चुरचुरतं. आतलं पाणी स्वच्छ पाहिजे, गढूळ दिसलं तर घेऊ नका. दरवेळी नवी सुई. नव्या पेनात आधी सुईच्या टोकावर थेंब येतो का बघायचं, काही पेनांत हे दरवेळी करावं लागतं. मग आकडा फिरवायचा, बेंबीपासून दोन-तीन बोटं सोडून पोटावर किंवा मांडीवर सुई सरळ आत, बटण दाबायचं, आकडा शून्यावर आला की लगेच ओढायची नाही, मनात सहा मोजायचे. पुढच्या आठवड्यात जागा बदलायची. सुई इतकी बारीक असते की माझ्या आईला कळलंच नाही टोचली म्हणून, ती म्हणे आता टोच की रे!

एक सांगतो, सेमाग्लुटाइडचं पेटंट भारतात मार्च २०२६ मध्ये संपलं, त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांची पेनं आहेत आणि प्रत्येकाची रीत थोडी निराळी. जुन्या पेनची सवय नव्याला लावू नका, आतला कागद वाचा, अक्षरं बारीक असली तरी पोरांना मोबाईलवर फोटो काढून मोठा करायला लावा.

आमच्याकडे खरी डोकेदुखी म्हणजे ऊन. न उघडलेलं पेन २ ते ८ डिग्रीत, म्हणजे फ्रिजमध्ये. उघडल्यावर बरीच पेनं ३० डिग्रीच्या खाली काही आठवडे बाहेर चालतात असं लिहिलेलं असतं, पण मे महिन्यात भुसावळला घरातसुद्धा ३० कुठे मिळणार भाऊ, बाहेर ४५ असतं! म्हणून उघडलेलंही फ्रिजमध्येच, मधल्या कप्प्यात, सुई काढून. बर्फाच्या कप्प्याजवळ किंवा मागच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका, एकदा गोठलं की वितळल्यावरही ते फेकायचंच. माझं एक असंच गेलं. लाईट गेली की फ्रिज सारखा उघडू नका. पुण्याला जाताना बर्फाची पिशवी नॅपकिनमध्ये गुंडाळून, पेनला थेट लागू न देता न्या, आणि उन्हातल्या गाडीत कधीच ठेवू नका.

खाणं. मी शनिवारी टोचायचो आणि रविवारी भाच्याच्या साखरपुड्यात वरण-बट्टी, बट्टी तुपात बुडवून चार खाल्ल्या, वरून वांग्याची भाजी. रात्रभर उलट्या, सडक्या अंड्यासारखे ढेकर. मग मी अक्कल लावली की वार बदलतो, गुरुवारी घेतो म्हणजे रविवार मोकळा. वार बदलता येतो, सेमाग्लुटाइडच्या दोन डोसमध्ये निदान ४८ तास आणि टिर्झेपटाइडच्या ७२ तास पाहिजेत, पण उपयोग शून्य, कारण हे औषध आठवडाभर अंगात असतं आणि पोट सावकाश रिकामं होतं ते रोजच. आता भरीत असलं तरी कळण्याची अर्धीच भाकरी, शेवभाजीची तर्री बाजूला, पोट भरल्यासारखं वाटलं की ताट सरकवायचं, यजमान रागावले तर रागावू द्या. पण उपाशीही राहू नका, वजनाबरोबर अंगातली ताकदही जाते, मूग, अंडी, दही, डाळ रोज पाहिजे आणि थोडं चालणं. उलट्या-जुलाब झाले तर उन्हाळ्यात पाणी फार झपाट्याने कमी होतं आणि किडनीवर ताण येतो, ओआरएस घरात ठेवा.

डोस विसरला तर सेमाग्लुटाइड पाच दिवसांच्या आत, टिर्झेपटाइड चार दिवसांच्या आत आठवलं तर घ्या, नाहीतर सोडा आणि पुढच्या ठरलेल्या वारी एकच घ्या. दोन एकदम कधीच नाही.

पोटात जोरात दुखून पाठीत कळ जाते, थांबतच नाही, तर ओवा खात बसू नका, लगेच दवाखाना. ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे पेन चालू आहे म्हणून आधीच सांगा.

वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका, घंटागाडीवाल्याच्या हाताला लागतात. आमची बाटली भरली की मी दवाखान्यात नेऊन देतो, तिथे सुयांचा वेगळा डबा असतो.