घरातली आठ माणसं मावतील अशी हायब्रिड गाडी घेताना

गणपतीला मुंबईची मंडळी आली की आमच्याकडे दोन गाड्या काढाव्या लागायच्या, शेवटी एकच मोठी हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली, घेऊ म्हटलं. वाडीत अजून विचारतात चार्जिंगचा प्लग कुठाय, तर प्लग नसतोच, इंजिन आणि ब्रेक मारताना वाया जाणारा जोर यावरच बॅटरी भरते.

या साईजला खिशाला त्यातल्या त्यात झेपणाऱ्या दोनच, टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस आणि २०२३ला आलेली मारुती इन्व्हिक्टो, आणि दुसरीसुद्धा टोयोटाच बनवून देते. त्यामुळे फार डोकं लावू नका, कुठलं सर्व्हिस सेंटर जवळ आणि कुठलं व्हेरिएंट हवं एवढंच बघा. हायक्रॉस साध्या पेट्रोलमध्येपण येते, बुकिंगच्या कागदावर हायब्रिड लिहिलंय ना ते वाचा!

शोरूमला एकटे जाऊ नका, आजीला न्या. मधल्या रांगेत दोन सुट्या सीट असल्या तर मधून मागे जाता येतं पण माणसं सातच बसतात, आठ हवी तर मधे सलग बाक, मग मागे जायला सीट पुढे ढकलावी लागते. आमची आजी एकदा चढली आणि म्हणाली मी पुढेच बसणार, झाला निर्णय. तिन्ही रांगा भरल्यावर डिकीत काय राहतं तेही बघा, आम्ही आंब्याची रिकामी पेटी घेऊनच गेलो होतो, सेल्समन हसला, हसू दे.

टेस्ट ड्राईव्ह सपाट रस्त्यावर घेऊन काही कळत नाही. सगळी माणसं भरून घाट चढवा, चढाला इंजिन चांगलंच ओरडतं, ते चालणार का ते घरच्यांना विचारा. उतारावर बॅटरी भरते, पण लांब उतार असला की फुल होते, मग इंजिन ब्रेकिंग लावायचं, म्हणजे इंजिनच्या ओढीने वेग आवरायचा. कंपनीचा आकडा लिटरला २३.२४ किमी आहे पण भरलेल्या गाडीला घाटात तो धरू नका, खरा फायदा मुंबई-गोवा हायवेवर माणगावच्या ट्रॅफिकमध्ये, गाडी तासभर जागची हलत नाही, एसी बॅटरीवर चालू, इंजिन मधेमधेच लागतं.

घरी टेप लावा. गाडी १८५० मिमी रुंद, म्हणजे सहा फूट, वर आरसे वेगळे. आमच्या दोन गडग्यांमधनं, म्हणजे दगडी कुंपणांमधनं, जेमतेम जाते, पावसात चिरा ओला असताना मी एक दरवाजा घासलाय.

आणि मासे. बॅटरीला थंड हवा आतनंच मिळते, तिची जाळी कुठाय ते आधी विचारून घ्या. मी सुरमईचा थर्माकोलचा डबा मागे ठेवला, बर्फ वितळून पाणी कार्पेटखाली गेलं, नशीब जाळीपर्यंत पोचलं नाही, पण वास दिवाळीपर्यंत होता. आता डबा प्लास्टिकच्या घमेल्यात ठेवतो.