अक्षतेच्या आदल्या रात्री भरायची बॅग

"अक्षता किती वाजता?" आमच्या बेळगाव-खानापूर भागात लग्नाच्या फोटोंची ऑर्डर घेताना पहिला प्रश्न हाच विचारायचा, पॅकेजचं बोलणं नंतर. पत्रिकेवर १२ वाजून ३७ मिनिटं छापलेलं असतं, पण ते झालं भटजींचं घड्याळ. नवरदेव मारुतीच्या देवळातून खरोखर कधी निघणार आणि मुलीला बोहल्यावर कोण आणणार, हे मुलीच्या मामालाच ठाऊक असतं. मामाचा नंबर आदल्या दिवशीच मोबाईलमध्ये हवा.

मंगलाष्टकांच्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या सावधानपर्यंत वीस मिनिटंही मिळत नाहीत. हार परत घालायला लावता येतो, हळदीचा हात परत गालावर ठेवायला सांगता येतो. अक्षता परत टाकायला मात्र कोणी थांबत नाही, अर्धा मांडव पंगतीकडे पळालेला असतो. माझी सगळी यादी त्या वीस मिनिटांपासून उलटी मोजत तयार झाली आहे.

म्हणून कॅमेऱ्याच्या बॉडी दोन घ्यायच्या. दुसरी भाड्याची चालेल, पण त्याच कंपनीची, आणि त्याच लेन्स, तीच बॅटरी, तोच फ्लॅश लागणारी. एकीवर २४-७० ची लेन्स, दुसरीवर लांबून टिपणारी ७०-२००. बोहल्यापाशी उकिडवं बसून लेन्स बदललीत, तर हळद आणि अक्षतांची भुकटी थेट आतल्या, फोटो टिपणाऱ्या सेन्सरवर जाते. देवघरासारख्या अंधाऱ्या खोलीसाठी एफ १.८ ची, म्हणजे जास्त उजेड आत घेणारी, एक ३५ किंवा ५० ची लेन्स खिशात असू दे. बाकी लेन्सची हौस सीझन संपल्यावर.

बॉडीला कार्डाचे दोन स्लॉट असतील तर दोन्हीकडे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल, लिहायला लावा. एकच २५६ जीबीचं कार्ड घेण्यापेक्षा ६४ ची चार बरी, एक मेलं तरी लग्न मरत नाही. २४ मेगापिक्सेलची कॉम्प्रेस्ड रॉ फाइल साधारण २५ एमबीची धरली तर ६४ जीबीत अडीच हजारांच्या आसपास फोटो बसतात. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायचं, कॉम्प्युटरवर नाही. भरलेलं कार्ड पाकिटात उलटं ठेवायचं. गडबडीत कोरं कुठलं हे बोटांनाच कळलं पाहिजे. बॅटऱ्या बॉडीमागे चार, त्याही आदल्या रात्री जेवणाआधी चार्जिंगला, कारण मे महिन्यात करंट कधी जाईल याचा भरवसा नाही. एक्स्टेन्शन बोर्ड आपला न्यावा. कार्यालयातली सगळी सॉकेटं डीजेवाल्याने आधीच अडवलेली असतात.

आता एक काम, ज्याला पैसा लागत नाही आणि तरी बहुतेकजण विसरतात: दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं मिळवणं. एका लग्नात माझ्या आणि असिस्टंटच्या कॅमेऱ्यात सात मिनिटांचा फरक होता. घरी येऊन लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो वेळेनुसार लावले तर अक्षता आधी पडल्या, अंतरपाट नंतर धरला आणि नवरीचा मामा तिला घेऊन सगळ्यात शेवटी आला. चार हजार फोटोंत ते निस्तरायला दोन रात्री गेल्या. आता निघण्याआधी मोबाईलवर सेकंदाचं घड्याळ लावतो आणि दोन्ही कॅमेऱ्यांनी त्याचा एकेक फोटो काढून ठेवतो. फरक राहिलाच तर तेवढा आकडा लाइटरूमच्या कॅप्चर टाइममध्ये टाकला की एका कॅमेऱ्याचे सगळे फोटो एकदम जागेवर येतात.

उजेडाचं बघायला कार्यालयात एक तास आधी जा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी आणि ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. शटर १/१०० सेकंद किंवा त्याहून सावकाश ठेवलं की पट्टे बहुतेक जातात. व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमवर, शटर १/५०. कॅमेरा ३० फ्रेमच्या सेटिंगवर राहिला तर मंगलाष्टकांच्या व्हिडिओत मांडव श्वास घेतल्यासारखा उजळत-विझत राहतो. स्टेजमागे एलईडी वॉल असेल तर तिचं गणित वेगळं; ती सुरू करायला लावून दोन-चार शटर तपासून बघा.

खेड्यातल्या मांडवाची अडचण दुसरीच. वर लाल-पिवळं कापड, त्यातून गाळून आलेलं बाराचं ऊन, आणि खाली हळदीने माखलेली माणसं. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग आपोआप जुळवणं, तिथे हात टेकतो. कापडावर फ्लॅश मारून उजेड परतवलात (बाउन्स) तर सगळ्यांचे चेहरे त्या कापडाच्या रंगाचे होतात. फ्लॅश काढून बाजूला छत्रीत लावा, व्हाइट बॅलन्स ५५०० केल्विनच्या आसपास बांधून टाका आणि तिथलं काम होईपर्यंत हलवू नका. एकच चूक सगळ्या फोटोंत सारखी असली तर एडिटिंगला एका झटक्यात निघते.

संध्याकाळच्या वरातीत डीजेच्या गाडीवर लेझर असेल तर कॅमेरा त्याच्या तोंडासमोर धरू नका. किरण थेट लेन्समध्ये शिरला तर सेन्सर कायमचा जळू शकतो, आणि मिररलेसमध्ये मध्ये आरसाही नसतो. पाठीमागून किंवा बाजूने काढा. एप्रिल-मेमध्ये दुपारी चारनंतर आभाळ भरलं की वळीव आलाच समजा, म्हणून दोन मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि एक कोरडा पंचा बॅगेच्या तळाशी कायम.

ड्रोन मागणारे पाव्हणे वाढलेत. बेळगावचं विमानतळ सांबऱ्याला. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या कुंपणापासून ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागणारा यलो झोन सुरू होतो, आणि ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांच्या वर. सांबऱ्याजवळच्या मुतग्याचं लग्न आणि खानापूरकडचं लग्न यांत हा फरक आहे. ऑर्डर घेतानाच सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर गाव बघा आणि परवानगीची गोष्ट असेल तर त्याच वेळी स्पष्ट सांगा, वरातीत नाही.

सामानात न मावणारी एक तयारी म्हणजे कानडी. इथे नवरी मराठी आणि नवरदेवाची आजी कानडी, हे रोजचंच. "इल्लि नोड्री", "स्वल्प हिंद सरीरी", "स्वल्प नग्री" एवढं आलं तरी ग्रुप फोटोत माणसं आपली होतात. मराठीत ओरडत राहिलात तर अण्णा-अक्का तुमच्याकडे बघतील, कॅमेऱ्याकडे नाही. लिंगायत घरचं लग्न असेल तर सुरगी किती वाजता तेही विचारून घ्या. सुरगी म्हणजे चार कोपऱ्यांना तांबे, भोवती सूत, मध्ये नवरा-नवरी आणि वरून पाणी. फार सुंदर फ्रेम, आणि पिशवीत न गुंडाळलेल्या कॅमेऱ्याचा काळ.

नवरी कोल्हापूरकडची असेल तर महाराष्ट्राच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावरून जायचं, त्यात निवडणूक असेल तर तिथे तपासणी. कर्नाटकची २०२३ ची विधानसभा आणि २०२४ ची लोकसभा, दोन्ही ऐन लग्नसराईत आल्या. सामानाच्या बिलांची झेरॉक्स गाडीत ठेवा, आणि आचारसंहितेच्या दिवसांत कागदपत्रांशिवाय ५० हजारांच्या वर रोकड बाळगू नका. ॲडव्हान्स फोनवरच घ्या.

घरी आलात की पाय धुवायच्या आधी कॉपी लावा. एक एसएसडीवर, एक साध्या हार्डडिस्कवर, आणि तिसरी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरी. फोल्डरचं नाव तारखेने सुरू करा, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग गाव. "पाटील लग्न" नावाचे नऊ फोल्डर माझ्याकडे आहेत. दोन्ही कॉप्या उघडून, मधले चार फोटो बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

छाटणीत मिटलेले डोळे आणि पूर्ण हललेले फोटो तेवढे काढून टाका. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत मी तेही काढत नाही. आजोबांचा किंचित हललेला फोटो वर्षभराने कोणीतरी मागायला येतो, कशासाठी ते सांगावं लागत नाही. रंगाचं काम उजेडाप्रमाणे गट करून करा. हळदीचा एक, मांडवाचा एक, स्टेजचा एक, वरातीचा एक. प्रत्येकातला एक फोटो नीट बसवून तेच सेटिंग बाकीच्यांना सिंक. हळदीच्या फोटोंत पिवळा रंग सरसकट कमी केलात तर माणसं आजारी दिसतात. फक्त त्वचेचा भाग (मास्क) वेगळा निवडून घ्या आणि हळद हळदीसारखी राहू द्या. "नवरी जरा गोरी करा" हे प्रत्येक सीझनला कोणीतरी म्हणतंच. मी उजेड वाढवून देतो, रंग बदलून देत नाही. दोन ऑर्डरी त्यापायी गेल्या, जाऊ देत.

निवडीसाठी छोटे जेपीजी देताना फाइलचा नंबर बदलू नका. घरचे वहीत नंबर लिहून आणतात, तोच नंबर रॉचाही असला की अर्धा दिवस वाचतो. १२ बाय ३६ इंचाचं करिज्मा अल्बमचं उघडं पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ३६०० बाय १०८०० पिक्सेल होतं. ग्रुप फोटोत मधल्या घडीवर कोणाचा चेहरा येत नाही ना, हे शीट लॅबला जाण्याआधी बघा. विशेषतः सासूबाईंचा.

आणि अल्बमचं कव्हर. जुन्या फोटोशॉपमध्ये टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट (अशा लिप्या नीट जुळवणारं सेटिंग) सुरू नसेल तर देवनागरी तुटते. "चि. सौ. कां." मधली पहिलीच वेलांटी च च्या उजवीकडे जाऊन बसते आणि "ऐश्वर्या"चा रफार सुटून हलन्त दिसायला लागतो. माझ्याच हातून असं एक कव्हर छापून आलं होतं, आणि मी ते स्क्रीनवर चार वेळा बघितलं होतं. कानडी मजकूर टायपिस्टकडून नुडी किंवा बरहच्या जुन्या फॉन्टमध्ये आला, किंवा मराठी श्रीलिपीत, तर तसाच पेस्ट करू नका, युनिकोडमध्ये मागून घ्या. गावाचं नाव पत्रिकेत आहे तसंच. सरकारी नाव २०१४ साली बेळगावी झालं तरी पत्रिकेत बेळगाव असेल तर बेळगाव. मग कव्हरचं जेपीजी दोन्ही व्याह्यांना पाठवा आणि फोन लावून सांगा, "काका, जरा मोठ्याने वाचून दाखवा." मराठी ओळ एकाकडून, कानडी ओळ दुसऱ्याकडून.