पहिले क्वाडकॉप्टर घेताना कॅमेऱ्याआधी सुटे भाग पाहा

इलेक्ट्रॉनिक्सची आवड असलेल्या आठवी-नववीतल्या मुलासाठी किंवा मुलीसाठी क्वाडकॉप्टर, म्हणजे चार पंख्यांचे ड्रोन, घेताना मोटरी, पंखे आणि बॅटरी सुट्या मिळतात का, हे दुकानदाराला आधी विचारावे. चारचौघांत मिरवायला कॅमेरा बरा. शिकण्यासाठी मात्र तळहातावर मावणारे, पंख्यांभोवती कडे असलेले आणि स्क्रू काढून उघडता येणारे यंत्रच उपयोगी पडते. अशा यंत्रातील ब्रशच्या लहान मोटरी वापराने लवकर झिजतात. त्या प्लगने जोडलेल्या असतील तर मूल स्वतः बदलू शकते आणि डाग देऊन (सोल्डर करून) जोडलेल्या असतील तर सोल्डरिंग शिकण्याचे निमित्त मिळते. पंखे बदलताना एक गोष्ट हमखास चुकते: कर्णावरचे दोन पंखे एकाच दिशेने फिरतात, तर उरलेले दोन उलट दिशेने, त्यामुळे पंख्यांची अदलाबदल झाल्यास यंत्र वर न जाता जागीच उलटते.

मराठवाड्यातील उन्हाळा ध्यानात घेता लिथियम-पॉलिमर बॅटरी पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत ठेवू नये. काही दिवस उडवायचे नसेल तर ती पूर्ण, म्हणजे प्रत्येक सेलला 4.2 व्होल्ट, न भरता सुमारे 3.8 व्होल्टवर ठेवावी आणि फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावू नये.

250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनसाठी 2021 च्या ड्रोन नियमांनुसार पायलट परवाना लागत नाही. तरीही छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर येथे विमानतळ असल्याने, उडवण्यापूर्वी ‘डिजिटल स्काय’ या सरकारच्या ड्रोनविषयक संकेतस्थळावरील नकाशात आपला परिसर कोणत्या रंगाच्या क्षेत्रात येतो, हे तपासावे.