बर्डीचा किल्ला आणि गांधी गेट, एका दिवसात कसं पाहायचं

रोज बर्डीवरून, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीवरून, अप-डाऊन करणारे कितीतरी नागपूरकर मला माहीत आहेत ज्यांनी वरचा किल्ला एकदाही पाहिलेला नाही. त्यात त्यांची चूक नाही, किल्ला आर्मीच्या ताब्यात आहे, टेरिटोरियल आर्मीची ११८ इन्फंट्री बटालियन तिथे असते आणि आपल्यासारख्यांना वर्षातून तीनच दिवस आत सोडतात, २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. म्हणून सगळ्यात आधी मोबाईलमध्ये या तीन तारखांचा अलार्म लावून ठेवा, नाहीतर दरवर्षी "अरे कालच होतं ना" असं होतं.

तिघांपैकी २६ जानेवारी बेस्ट. थंडी असते, आकाश स्वच्छ असतं, लेकरं कुरकुर करत नाहीत. १५ ऑगस्टला टेकडी हिरवीगार दिसते पण पाऊस कधी येईल सांगता येत नाही आणि दगड निसरडे होतात, चांगल्या ग्रिपचे बूट घाला. १ मे ला जायचं असेल तर एकदम सकाळी. मी एकदा आईला घेऊन १ मे ला बारा वाजता पोचलो, नागपूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको, रांगेतच तिला गरगरायला लागलं आणि वर न जाताच परत आलो, मला अजून वाईट वाटतं त्याचं. पाणी, टोपी, दुपट्टा आणि आयडी एवढं जवळ पाहिजेच. कॅमेरा काढायच्या आधी ड्युटीवरच्या जवानांना विचारा, ती मिलिटरीची जागा आहे, ते नाही म्हणाले तर हुज्जत घालू नका.

आता रूट. मी सांगतो कस्तुरचंद पार्कपासून सुरू करा, मेट्रोचं त्याच नावाचं स्टेशन आहे, पार्किंगची कटकट नाही. तर्री पोहे खाऊन घ्या आणि मग त्या मोठ्या मैदानात मधल्या दगडी छत्रीपर्यंत चालत जा. २०१८ मध्ये याच मैदानात खोदकाम चालू असताना जमिनीतून जुन्या तोफा निघाल्या होत्या, आठवत असेल बऱ्याच जणांना. म्हणजे जिथे आपण सभा आणि प्रदर्शनं पाहतो तिथे पायाखाली लढाईचं सामान पडून होतं इतकी वर्षं! तिथून झिरो माईलचा खांब (इंग्रजांच्या काळात अंतरं मोजायला उभारलेला) आणि तिथले घोड्यांचे पुतळे पाहत पाहत किल्ल्याकडे चालत जाता येतं. टेकडी गणपतीला जाणारे लोक याच टेकडीच्या अंगाला जातात बरं का, फक्त वर किल्ला आहे हे लक्षात येत नाही.

वर जायच्या आधी एक गोष्ट डोक्यात ठेवा, तरच पाहण्यात मजा आहे. आज जी तटबंदी आणि खंदक दिसतो तो १८१७ च्या लढाईत नव्हता, इंग्रजांनी टेकडी लढाई जिंकल्यावर पक्की केली. लढाई झाली २६ नोव्हेंबरच्या संध्याकाळपासून २७ च्या दुपारपर्यंत, नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसल्यांची फौज एकीकडे आणि रेसिडेंट जेन्किन्स, म्हणजे नागपूर दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, दुसरीकडे, इंग्रजांची माणसं दीड हजाराच्या आतच. टेकड्या दोन, एक मोठी आणि उत्तरेकडे एक छोटी. २७ च्या सकाळी अप्पासाहेबांकडच्या अरबांनी (पगारी अरब शिपाई) छोटी टेकडी घेतली आणि तिथून मोठीवर तोफा डागायला लागले, म्हणजे आता इंग्रज संपलेच अशी वेळ आली होती, पण नंतर घोडदळाचा हल्ला आणि छोट्या टेकडीवर दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि चित्र फिरलं. म्हणून वर पोचलात की आधी शांत उभं राहून दुसरी टेकडी कुठे आणि अंतर किती ते पाहा, साधारण तीनशे यार्ड. इतकं कमी अंतर आहे हे पाहिल्यावर अंगावर काटा येतो. सेल्फी नंतर काढा.

बहुतेक लोक इथून घरी जातात, प्लीज तसं करू नका. ऑटो करा किंवा मेट्रोनं कॉटन मार्केटला उतरा आणि गांधीसागर तलावावर या, ज्याला म्हातारी माणसं अजून शुक्रवारी तलाव म्हणतात. तलावाचं आणखी जुनं नाव जुम्मा तलाव, आणि महालातलं, म्हणजे जुन्या नागपूर शहरातलं, आपलं गांधी गेट म्हणजे जुना जुम्मा दरवाजा. दोन्ही गोंड राजा चांद सुलतानच्या काळातले, बख्त बुलंद शाहनं वसवलेल्या शहराला त्यानं परकोट म्हणजे शहराभोवतीची तटबंदी बांधली होती. काहून सांगून राहिलो हे, तर बर्डी हरल्यावरही शहर लगेच पडलं नाही. अप्पासाहेब इंग्रजांच्या हाती गेले तरी आतल्या अरबांनी दरवाजे उघडले नाहीत, इंग्रजांच्या जनरल डव्हटननं वेढा घातला आणि २४ डिसेंबर १८१७ ला याच जुम्मा दरवाजावर हल्ला केला, आणि तो हल्ला फसला! अरब शेवटी बोलणी करून ३० डिसेंबरला शहर सोडून गेले. आणि आपण रोज हॉर्न वाजवत तिथून जाऊन राहिलो, मान वर करून पाहत पण नाही.

गेट पाहायला रविवारी सकाळी लवकर या, नाहीतर महालातल्या ट्रॅफिकमध्ये उभं राहायला जागा मिळत नाही. याला कुठली तारीख लागत नाही, तिकीट नाही, म्हणून किल्ल्याच्या दिवशी थकलात तर हे दुसऱ्या दिवशी केलं तरी चालेल. आधी शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या बाजूला उभे राहून पूर्ण कमान पाहा, मग जवळ जाऊन दगडाला हात लावा आणि परकोट दोन्ही बाजूंना कुठून कुठे गेला असेल त्याचा अंदाज घ्या. लेकरं सोबत असतील तर त्यांना तलावाकडे पाठ करून उभं करा आणि सांगा, शत्रू इकडून आला असता तर तुम्ही कुठे उभे राहिले असते. माझ्या भाच्यानं कमानीच्या वर बोट दाखवलं आणि म्हणाला मामा तिथे, आणि मग अर्धा तास तो तिथून हलायलाच तयार नव्हता.